दीर्घिकांच्या तिरकेपणाची मापं काढणारा माणूस: जेरार द व्होकुलर

दीर्घिका म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? मधोमध तेजाचा गोळा आणि दोन्ही बाजूंना सारख्या वळणाच्या भुजा. पण काही दीर्घिका इतक्या नीटस नसतात. त्यांच्यात गोळ्याऐवजी ताऱ्यांचा लांबट दांडा असतो, तोही एका बाजूला सरकलेला, आणि भुजा म्हणावी तर जेमतेम एक. आपल्या आकाशगंगेची शेजारीण, म्हणजे मोठा मॅजेलन मेघ, अशीच आहे. एडविन हबल यांच्या प्रसिद्ध वर्गवारीत तिला ‘अनियमित’ या कप्प्यात टाकलं होतं.

अनियमित म्हटलं की पुढचा विचार थांबतो. जेरार द व्होकुलर यांनी तो थांबू दिला नाही.

जन्म पॅरिसचा, १९१८ सालचा. सोरबॉनमध्ये शिक्षण झालं आणि महायुद्धाच्या काळात ते दक्षिण फ्रान्समधल्या ल हुगा इथल्या एका खासगी वेधशाळेत काम करू लागले. १९४४ मध्ये आंत्वानेत यांच्याशी लग्न झालं. त्याही गणित आणि भौतिकशास्त्र शिकलेल्या. पुढची चार दशकं दोघांनी एकत्र काम केलं. (शोधनिबंधांवर दोघांची नावं असायची, गाजलं मात्र एकाचंच. हे नेहमीचंच!)

आता दीर्घिकेचा उजेड मोजतात कसा? तेव्हा काचेवर फोटो घेत. पण काचेचा काळेपणा उजेडाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, म्हणून आधी तेज माहीत असलेल्या ताऱ्यांशी ताळा घालावा लागे. मग सारख्या तेजाचे बिंदू जोडून रेषा काढायच्या, डोंगराच्या नकाशावर सारख्या उंचीच्या रेषा असतात तशा. खरी अडचण कडेला येते. द व्होकुलर यांनी दीर्घिकेची कड म्हणून जी रेषा रूढ केली, तिथला उजेड अगदी काळोख्या रात्रीच्या आकाशाच्या उजेडाच्याही साधारण दहावा हिस्साच असतो. आकाश वजा करण्यात थोडी चूक झाली की दीर्घिकेचा आकारच बदलतो.

याच मोजमापातून १९४८ मध्ये त्यांनी लंबगोल दीर्घिकांचं तेज केंद्रापासून बाहेर कसं कमी होत जातं, याचा नियम मांडला. तो आजही त्यांच्या नावाने वापरात आहे.

१९५१ मध्ये दोघं ऑस्ट्रेलियात, माउंट स्ट्रॉम्लोला गेले. मोठा मॅजेलन मेघ महाराष्ट्रातून जेमतेम क्षितिजाला टेकतो, म्हणजे दिसत नाही असंच म्हणायचं. तिथे मात्र तो रात्रभर क्षितिजाच्या वरच. द व्होकुलर यांनी त्याच्या फिकट कडांपर्यंतचा उजेड टिपला, आणि त्या ‘अनियमित’ ढगात एक कललेली तबकडी, एक दांडा आणि भुजेच्या खुणा दिसू लागल्या. तबकडी असेल तर ती फिरायला हवी. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ फ्रँक कर यांच्यासोबत त्यांनी हायड्रोजनच्या रेडिओ लहरींवरून तेही तपासलं. ढग फिरत होता.

१९५९ मध्ये त्यांनी हबल यांची वर्गवारी वाढवली आणि अशा तिरक्या दीर्घिकांना ‘मॅजेलनी’ प्रकार म्हणून सर्पिलांच्या रांगेत शेवटची जागा दिली.

पण एकाच दीर्घिकेवरून प्रकार ठरत नाही. पुढे टेक्सास विद्यापीठात असताना, १९६८ मध्ये, द व्होकुलर दांपत्य आणि केनेथ फ्रीमन यांनी एनजीसी ४०२७ या दीर्घिकेचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती आपल्या ओळखीच्या हस्त नक्षत्राच्या तारकासमूहात आहे, आणि एकच ठसठशीत भुजा हे तिचं वैशिष्ट्य. चार वर्षांनी द व्होकुलर आणि फ्रीमन यांनी अशा अनेक दीर्घिका एकत्र घेतल्या. त्यांच्यात दांड्याचा मध्य एकीकडे आणि दीर्घिका ज्याभोवती फिरते तो मध्य दुसरीकडे निघत होता. आपल्या मध्याशिवाय दुसऱ्याच बिंदूभोवती फिरणारा दांडा! तिरकेपणा हा अपघात नसून या प्रकाराचं लक्षणच होतं.

मोजायची सवय इतकी पक्की की दीर्घिकांच्या संदर्भ-सूचीत १९६४ मध्ये २,५९९ नोंदी होत्या, आणि १९९१ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्या २३ हजारांवर गेल्या. आंत्वानेत ती आवृत्ती पाहू शकल्या नाहीत, त्या १९८७ मध्ये गेल्या.

माणूस भांडकुदळही होता. विश्वाच्या प्रसरणाच्या वेगावरून ॲलन सँडेज यांच्याशी त्यांचं वर्षानुवर्षं वाजलं. सँडेज ५० च्या आसपासचा आकडा सांगत, हे १०० चा. आजची मोजमापं ७० च्या आसपास आहेत, म्हणजे दोघांचंही पूर्ण खरं नव्हतं.

आणखी एका बाबतीत मात्र ते बरोबर ठरले. आपल्या आकाशगंगेच्या मध्यातही दांडा असावा, असं त्यांनी १९६० च्या दशकात वायूच्या हालचालींवरून सुचवलं होतं. फार कुणी मनावर घेतलं नाही. १९९० च्या दशकात अवरक्त निरीक्षणांत तो दांडा स्पष्ट दिसला. द व्होकुलर तेव्हा हयात होते. ऑक्टोबर १९९५ मध्ये ऑस्टिनला त्यांचं निधन झालं.