इंद्रलाल रॉय : पडूनही पुन्हा उडालेला वैमानिक

शिरपूरच्या वैमानिक प्रशिक्षण केंद्रामुळे शिकाऊ विमाने खानदेशाच्या ओळखीची झाली. १६ जुलै २०२१ रोजी त्या केंद्राचे एक विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ कोसळले. प्रशिक्षक मृत्युमुखी पडले व शिकणारी तरुणी जखमी झाली. विमानविद्येची ही किंमत नवी नाही. शंभर वर्षांपूर्वी ती एका भारतीय तरुणानेही मोजली होती.

इंद्रलाल रॉय यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कलकत्त्यात झाला. वडील प्यारेलाल बॅरिस्टर होते. आई ललिता इंग्लंडमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत वावरत असे. मुलांचे शिक्षण लंडनला झाले. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा इंद्रलाल शाळकरी होता. भारतीयांना सैन्यात अधिकारपद सहसा मिळत नसे. असे असूनही जुलै १९१७ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये त्याची अधिकारी म्हणून नेमणूक झाली. ऑक्टोबरअखेर तो फ्रान्समध्ये ५६ व्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाला.

तिथले एस. ई. ५ए विमान एकाच आसनाचे होते. चूक झाली तर सावरून घ्यायला शेजारी गुरू नसे. विमान उतरवणे ही तर वैमानिकाची खरी परीक्षा. वेग कमी झालेला असतो, जमीन जवळ आलेली असते आणि चूक सुधारायला वेळ नसतो. एकोणिसावा वाढदिवस होऊन चारच दिवस झाले होते. ६ डिसेंबर १९१७ रोजी उतरताना त्याचे विमान आदळले व तो गंभीर जखमी झाला. त्याला मृत समजून शवागारात ठेवले होते आणि शुद्धीवर आल्यावर त्याने आतून दार ठोठावले, अशी हकीकत सांगितली जाते.

बरे होत असताना तो विमानांची रेखाचित्रे काढीत बसे. डॉक्टरांनी त्याला उड्डाणास अपात्र ठरविले होते. त्याने पाठपुरावा करून तो निर्णय बदलून घेतला. मात्र तो थेट रणांगणावर गेला नाही. त्याने पुन्हा शिकाऊ होऊन प्रशिक्षण घेतले. जून १९१८ मध्ये तो ४० व्या स्क्वाड्रनमध्ये, कॅप्टन मॅकलरॉय यांच्या हाताखाली दाखल झाला. ६ ते १९ जुलै या अवघ्या तेरा दिवसांत त्याच्या नावावर दहा विजय नोंदले गेले. डिसेंबरात विमान नीट उतरवू न शकलेला मुलगा तो हाच!

२२ जुलै १९१८ रोजी कार्व्हँच्या आकाशात जर्मन विमानांशी झुंजताना त्याचे विमान पेटून कोसळले. त्याच्या आधी काही आठवड्यांपूर्वी मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर याच आघाडीवर कामी आले होते. इंद्रलालला मरणोत्तर डी. एफ. सी. हे पदक मिळाले. हा मान मिळविणारा तो पहिला भारतीय होय. फ्रान्समधील एस्तव्हेल येथे त्याची समाधी आहे. १९९८ मध्ये भारत सरकारने त्याच्यावर टपाल तिकीट काढले.

तो लढला ते परक्या साम्राज्यासाठी, हे खरे आहे. ते मान्य करूनही त्याचे दहा विजय बाजूला ठेवावेत आणि अपघातानंतरचे ते सहा महिने आठवावेत. अपयशानंतर पुन्हा पहिल्या पाठापासून शिकायला बसणे हे त्याचे खरे शौर्य होते.