सात जणींचा मोर्चा

मैत्रिणींनो, नाशकात शेजारी निकाह असला की आपण हौसेनं जातो. पण निकाह, मेहर, तलाक या शब्दांवर शेजारणीचा संसार कसा उभा असतो, याची आपल्याला फारशी कल्पना नसते.

निकाह हा करार आहे, त्यात मुलीचा होकार विचारतात. मेहर म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम किंवा वस्तू. ती तिच्या हक्काची. आणि तलाक? नवऱ्यानं तीनदा शब्द उच्चारला की बाई रस्त्यावर! कुराण आणि हदीस यांच्या आधारानं ठरलेली ती शरियत, तिला हात लावायचा नाही, असं सांगितलं जाई.

हमीद दलवाईंना हे पटलं नाही. १९३२ साली चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेला हा मराठी लेखक. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांनी मुंबईत विधिमंडळावर मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा नेला. बायका किती, तर अवघ्या सात! तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना एकच नागरी कायदा करा, ही मागणी. १९७० मध्ये पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. स्वकीयांचा रोष पत्करला, पण माघार घेतली नाही.

मूत्रपिंडाच्या विकारानं ३ मे १९७७ला ते गेले, जेमतेम चव्वेचाळिसाव्या वर्षी. पत्नी मेहरुन्निसाभाभींनी काम पुढं नेलं. २०१७ साली सुप्रीम कोर्टानं एका दमातला तीन तलाक रद्द ठरवला. त्या सात जणींनी पहिलं पाऊल टाकलं, त्याला तेव्हा एक्कावन्न वर्षं झाली होती.