सॉसेजचं आवरण, गाडीचा पंप आणि जर्मन फौजांचा ताबा. डायलिसिसचं मशीन असं तयार झालं

आपल्या ओळखीत, नात्यात, नाहीतर गल्लीत एखादा माणूस असतोच, ज्याचं आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस असतं. सकाळी जायचं, चार तास मशीनला जोडून पडायचं, दुपारी घरी यायचं. आता त्यात कुणाला नवल वाटत नाही.

पण ९० वर्षांपूर्वी किडनी बंद पडली की विषय संपला. डॉक्टर फक्त शेजारी बसून बघू शकायचे.

हे ज्याला बघवलं नाही तो डॉक्टर म्हणजे विलेम कोल्फ.

कोल्फचा जन्म १४ फेब्रुवारी १९११ चा, नेदरलँड्समधल्या लायडनचा. वडील डॉक्टर, टीबीच्या रुग्णांचं सॅनेटोरियम चालवायचे. त्या काळात टीबीवर औषध नव्हतं, त्यामुळं रुग्ण जायचे आणि वडील घरी येऊन खचायचे. हे बघून पोरानं ठरवलं, काहीही होईन पण डॉक्टर होणार नाही. त्याला प्राणिसंग्रहालयाचा प्रमुख व्हायचं होतं. देशात अशी प्राणिसंग्रहालयं तीनच, मग नोकरी मिळणार कुठं, असं वडिलांनी समजावलं आणि गडी शेवटी मेडिकललाच गेला. त्याला वाचायला-लिहायला त्रास व्हायचा, पुढं कळलं की तो डिस्लेक्सिया होता.

१९३८ मध्ये तो ग्रोनिंगेनच्या हॉस्पिटलात शिकाऊ डॉक्टर म्हणून लागला. त्याच्याकडं एक २२ वर्षांचा शेतकऱ्याचा पोरगा आला. दोन्ही किडन्या निकामी. डोळ्यांना दिसेना, उलट्या थांबेनात. तुमचा एकुलता एक मुलगा वाचणार नाही, हे त्याच्या आईला सांगायचं काम कोल्फवर आलं.

पोरगा गेला, पण कोल्फच्या डोक्यात एक हिशोब बसला. किडनी रक्तातला युरिया आणि बाकीची घाण गाळून लघवीवाटे बाहेर टाकते. या पोराच्या रक्तातून रोज २० ग्रॅम युरिया जरी काढता आला असता तरी तो जगला असता. मग ते काम शरीराच्या बाहेर का करू नये?

इथं सॉसेजची एन्ट्री होते. गोव्याची चोरिस खाल्ली असेल तर त्यावरचं पातळ आवरण आठवेल. आपल्याकडं त्यासाठी आतडं वापरतात, युरोपातले कारखाने सेलोफेनची नळी वापरायला लागले होते. या सेलोफेनला डोळ्यांना न दिसणारी बारीक भोकं असतात. युरियाचे कण त्यातून निसटतात, पण रक्तातल्या पेशी आणि प्रोटीन मोठे असल्यानं आतच राहतात. कोल्फनं नळीच्या तुकड्यात थोडं रक्त भरलं, त्यात युरिया मिसळला आणि तुकडा मिठाच्या पाण्यात हलवत ठेवला. थोड्याच वेळात बहुतेक युरिया पाण्यात उतरला होता.

तेवढ्यात युद्ध आलं. १० मे १९४० ला जर्मनीनं नेदरलँड्सवर हल्ला केला. कोल्फ तेव्हा एका अंत्यविधीसाठी हेग शहरात होता. तो तिथल्या हॉस्पिटलात गेला आणि चार दिवसांत ब्लड बँक उभी करून दिली. युरोपच्या मुख्य भूमीवरच्या पहिल्या ब्लड बँकांमध्ये ती मोजतात.

ग्रोनिंगेनला परतल्यावर मात्र वेगळीच बातमी होती. त्याचे प्रोफेसर ज्यू होते. जर्मन फौजा आल्यावर त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं आत्महत्या केली होती. त्यांच्या खुर्चीवर नाझी विचारांचा माणूस आला. त्याच्या हाताखाली काम करायचं नाही म्हणून कोल्फनं कांपेन नावाच्या छोट्या गावातलं हॉस्पिटल धरलं.

तिथं ना लॅब, ना पैसा, ना सामान. गावात भांड्यांना एनॅमलचा मुलामा देणारा कारखाना होता, त्याचे मालक हेंड्रिक बर्क मदतीला आले. लाकडी पट्ट्यांचा एक आडवा ड्रम बनवला, त्याला सेलोफेनची कित्येक मीटर लांब नळी गुंडाळली. खाली एनॅमलचं टब, त्यात मिठाचं पाणी. ड्रम फिरला की नळीतलं रक्त पुढं सरकायचं आणि युरिया पाण्यात उतरायचा. फिरत्या ड्रमला नळी जोडायची कशी, हा प्रश्न होता. तो फोर्ड गाडीच्या वॉटर पंपातला जोड बघून सुटला. रक्त गोठू नये म्हणून हेपारिन.

१७ मार्च १९४३ ला पहिली रुग्ण मशीनवर आली, २९ वर्षांची तरुणी. तिला बरं वाटायचं, पण थोड्या दिवसांत युरिया पुन्हा वाढायचा. दर वेळी सुई घालायला नवी रक्तवाहिनी उघडावी लागायची. १२ वेळा डायलिसिस झालं आणि मग वापरायला रक्तवाहिनीच उरली नाही. ती गेली.

पुढच्या दीड वर्षात १५ च्या आसपास रुग्ण झाले. एखादा अपवाद सोडला तर कुणीच वाचलं नाही. कोल्फ ज्यांची आशा सुटलीय अशांनाच मशीनवर घ्यायचा, हे खरं. तरीपण इतकी माणसं हातातून गेल्यावर कुणीही मशीन अडगळीत टाकलं असतं. कोल्फ प्रत्येक वेळी काय चुकलं ते बघून दुरुस्ती करत राहिला. याच काळात जर्मनांना हवे असलेले लोक तो आजारी दाखवून हॉस्पिटलात लपवतही होता.

सप्टेंबर १९४५. युद्ध संपलेलं. ६७ वर्षांची एक बाई बेशुद्धावस्थेत आणली गेली. ती कैदी होती, नाझींना साथ दिल्याचा तिच्यावर ठपका होता. गावातल्या अनेकांना ती मेली तरी चालणार होतं. ज्या नाझींमुळं कोल्फचे गुरू गेले, त्यांचीच ही माणूस.

कोल्फनं तिला मशीनवर घेतलं. साडेअकरा तासांनी ती शुद्धीवर आली. तिच्या किडन्या कायमच्या गेल्या नव्हत्या, त्यांना सावरायला वेळ हवा होता आणि तो मशीननं दिला. ती पुढं सहा-सात वर्षं जगली आणि गेली तीही किडनीमुळं नाही. डायलिसिसनं स्पष्टपणे वाचवलेला पहिला जीव म्हणून तिचीच नोंद आहे.

मशीन चालतं हे सिद्ध झाल्यावर कोल्फनं पेटंट घेतलं नाही. युद्धकाळातच बनवून ठेवलेली मशीन्स त्यानं लंडन, न्यूयॉर्कसारख्या शहरांतल्या हॉस्पिटलांना फुकट देऊन टाकली.

१९५० मध्ये तो अमेरिकेत क्लीव्हलँडला गेला. मशीन छोटं आणि स्वस्त कसं होईल हा नाद तिथंही सुटला नाही. घरी डायलिसिस करता यावं म्हणून त्यानं चक्क कपडे धुवायचं वॉशिंग मशीन वापरून बघितलं. किडनी कायमची गेलेल्यांचा प्रश्न मात्र १९६० मध्ये सुटला. सिएटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम ठेवता येणारी नळी शोधली, त्यामुळं दर वेळी नवी रक्तवाहिनी उघडायची गरज उरली नाही. पहिल्या तरुणीसाठी नेमकं हेच कमी पडलं होतं. २००२ मध्ये या दोघांना मिळून लास्कर पुरस्कार मिळाला.

पुढं कोल्फनं कृत्रिम हृदयावर काम केलं. १९८२ मध्ये युटा विद्यापीठात त्याच्या टीमनं बसवलेल्या कृत्रिम हृदयावर एक रुग्ण ११२ दिवस जगला.

११ फेब्रुवारी २००९ ला, ९८ व्या वाढदिवसाच्या तीन दिवस आधी कोल्फ गेला. आज आपल्याकडंही बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत डायलिसिसची सोय आहे. पुढच्या वेळी कुणासोबत तिथं बसायची वेळ आली तर त्या मशीनकडं एकदा नीट बघा. त्यातला फिल्टर आजही तेच काम करतो, जे कांपेनमध्ये सॉसेजच्या आवरणानं केलं होतं.