अल्झायमरच्या प्रयोगशाळेतील विस्मृत सहकारी : डॉ. सॉलोमन कार्टर फुलर

नवी दिल्ली, २० सप्टेंबर : जागतिक अल्झायमर दिन उद्या, २१ सप्टेंबर रोजी पाळला जाईल. या निमित्ताने ॲलॉइस अल्झायमर यांचे नाव सर्वत्र घेतले जाईल. त्यांच्या म्युनिक येथील प्रयोगशाळेत एकेकाळी सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या आणि या व्याधीची सविस्तर ओळख इंग्रजी वाचकांना करून देणाऱ्या डॉ. सॉलोमन कार्टर फुलर यांचे स्मरण मात्र क्वचितच होते. अमेरिकेतील पहिल्या कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञांपैकी ते एक होत.

फुलर यांचा जन्म ११ ऑगस्ट १८७२ रोजी पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाची राजधानी मनरोव्हिया येथे झाला. त्यांचे आजोबा अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात गुलाम होते. त्यांनी श्रमाच्या कमाईतून स्वतःचे व पत्नीचे स्वातंत्र्य विकत घेतले आणि १८५२ मध्ये ते कुटुंबासह लायबेरियास गेले. वडील कॉफीचे मळेवाले व सरकारी अधिकारी होते, तर आईच्या माहेरी वैद्यकीय मिशनरी सेवेची परंपरा होती. ज्या देशातून आजोबा मुक्त होऊन बाहेर पडले होते, त्याच देशात नातू १८८९ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, शिक्षणासाठी परतला.

नॉर्थ कॅरोलिनातील लिव्हिंगस्टन महाविद्यालयातून १८९३ मध्ये पदवी घेतल्यावर फुलर यांनी १८९७ मध्ये बोस्टन विद्यापीठातून वैद्यकशास्त्राची पदवी संपादन केली. त्यानंतर मॅसॅच्युसेट्समधील वेस्टबरो येथील सरकारी मनोरुग्णालयात ते रुजू झाले आणि दोन वर्षांतच तेथील विकृतिशास्त्रज्ञ बनले. त्या काळी अशा रुग्णालयांत दाखल झालेल्या वृद्धांना वेडे ठरवून त्यांची नोंद मिटवली जाई. मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत काय आढळते, हे पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नसे. फुलर यांनी ती घेतली.

१९०४ मध्ये ते जर्मनीस गेले. म्युनिक विद्यापीठाच्या मनोरुग्णालयात एमिल क्रेपेलिन प्रमुख होते आणि प्रयोगशाळेची धुरा अल्झायमर यांच्याकडे होती. अल्झायमर यांनी निवडलेल्या पाच परदेशी अभ्यासकांत फुलर यांचा समावेश झाला. मेंदूच्या ऊतींचे अतिपातळ काप करायचे, ते रंगद्रव्यांनी रंगवायचे आणि तासन्‌तास भिंगाखाली न्याहाळायचे, असे हे चिकाटीचे काम होते. ऑगुस्टे डेटर ही फ्रँकफर्ट येथील रुग्ण १९०६ मध्ये मरण पावली व तिच्या मेंदूतील गाठी आणि थर यांचे वर्णन अल्झायमर यांनी त्याच वर्षी एका परिषदेत मांडले. तोवर फुलर वेस्टबरोस परतले होते आणि तेथे स्वतंत्रपणे त्याच वाटेने पुढे जात होते.

१९०७ मध्ये त्यांनी वार्धक्यातील स्मृतिभ्रंश, दीर्घकालीन मद्यासक्ती व अन्य विकारांतील मज्जातंतूंच्या सूक्ष्म धाग्यांमध्ये होणाऱ्या बदलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९११ मध्ये वृद्धांच्या मेंदूतील सूक्ष्म थरांवरील लेख आला. १९१२ मध्ये त्यांनी अल्झायमर विकाराच्या एका रुग्णाचा वृत्तांत आणि तोवर प्रसिद्ध झालेल्या रुग्णांचा आढावा सादर केला. या विकाराचा इंग्रजीतील पहिला विस्तृत आढावा म्हणून तो ओळखला जातो. रक्तवाहिन्या कठीण झाल्यामुळेच ही व्याधी होते, हा तेव्हाचा प्रचलित समज त्यांनी मान्य केला नाही. मेंदूत गाठी वा थर दिसले की निदान झाले, अशी घाईही त्यांना मंजूर नव्हती. हा संयम त्यांच्या लेखनाचे खरे बळ ठरतो.

१९०९ च्या सप्टेंबरमध्ये वुस्टर येथील क्लार्क विद्यापीठात सिग्मंड फ्रॉइड आणि कार्ल युंग यांची व्याख्याने झाली. त्या प्रसंगीच्या प्रसिद्ध समूहछायाचित्रात मागील बाजूस फुलर उभे आहेत. हे चित्र असंख्य ग्रंथांत छापले गेले, पण वाचकांची नजर पहिल्या रांगेपलीकडे बहुधा गेली नाही.

त्याच वर्षी त्यांचा विवाह मेटा वॉक्स वॉरिक यांच्याशी झाला. त्या पॅरिसमध्ये शिकलेल्या आणि रोदाँ यांची दाद मिळवलेल्या शिल्पकार होत्या. दांपत्याने फ्रेमिंगहॅम येथे घर घेतले, तेव्हा कृष्णवर्णीय कुटुंब वस्तीत नको म्हणून शेजाऱ्यांनी विरोध केला. फुलर दांपत्य तेथेच राहिले आणि तेथेच त्यांनी तीन मुलगे वाढवले.

बोस्टन विद्यापीठात फुलर यांनी तीन दशकांहून अधिक काळ अध्यापन केले. १९२८ ते १९३३ या काळात मज्जाशास्त्र विभागाचा कारभार प्रत्यक्षात तेच पाहत होते, मात्र विभागप्रमुखपद त्यांना कधीच मिळाले नाही. वेतनही गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा कमीच राहिले. १९३३ मध्ये त्यांच्याहून कनिष्ठ असलेल्या गोऱ्या प्राध्यापकाकडे विभाग सोपवण्यात आला, तेव्हा फुलर निवृत्त झाले.

पहिल्या महायुद्धानंतर अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीय माजी सैनिकांसाठी रुग्णालय उभे राहिले. तेथे जाणाऱ्या कृष्णवर्णीय डॉक्टरांना फुलर यांनी उपदंशामुळे होणारे मेंदूविकार ओळखण्याचे प्रशिक्षण दिले. दैवदुर्विलास असा की, त्याच टस्कीगी परिसरात १९३२ पासून सरकारी आरोग्य सेवेने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांवर एक अभ्यास चालवला. त्यांतील उपदंशग्रस्तांना त्यांच्या आजाराविषयी अंधारात ठेवून उपचारांपासून वंचित ठेवले गेले. १९७२ मध्ये प्रकरण उघडकीस आल्यावरच तो थांबला.

त्या विश्वासघाताची सावली आजही संशोधनावर आहे. अमेरिकेत वृद्ध कृष्णवर्णीयांना स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण गोऱ्या वृद्धांच्या जवळपास दुप्पट मानले जाते, तरी नव्या औषधांच्या चाचण्यांत त्यांचा सहभाग अत्यल्प असतो. याला केवळ त्यांची अनास्था म्हणणे अन्यायाचे होईल. कित्येकांना कोणी विचारलेलेच नसते. भारतापुढील प्रश्नही याच जातीचा आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीवर आधारित अंदाजानुसार देशात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख, म्हणजे ७.४ टक्के, व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. परदेशी स्मरणचाचण्या अक्षरओळख गृहीत धरतात. कधीही शाळेत न गेलेल्या आजीला त्या लावल्या, तर तिची स्मृती नव्हे, तिचे शिक्षण मोजले जाते. म्हणून या पाहणीसाठी चाचण्या निरनिराळ्या भारतीय भाषांत आणि निरक्षरांनाही देता येतील अशा रीतीने बेतण्यात आल्या.

मधुमेहाने फुलर यांची दृष्टी अखेरच्या वर्षांत पूर्णपणे गेली. बागकाम व पुस्तकबांधणी हे त्यांचे छंद होते. दृष्टी गेल्यावरही काही काळ त्यांनी रुग्ण तपासणे सोडले नाही. मेटा यांनी शिल्पकाम बाजूला ठेवून पतीची शुश्रूषा केली. मृत्यूपूर्वी थोड्याच दिवसांआधी एक जुने वैद्यक सहकारी त्यांना भेटून गेले. अंध झालेल्या या वृद्ध मित्राची स्मरणशक्ती शाबूत असल्याची नोंद त्यांनी आवर्जून केली. १६ जानेवारी १९५३ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, फुलर यांचे निधन झाले. बोस्टनमधील एक मानसिक आरोग्य केंद्र आज त्यांच्या नावाने ओळखले जाते.