भोपळ्यातला सूर

डिसेंबरात स्वारगेटच्या चौकात काही माणसांना रिक्षावाल्याला पत्ता सांगावाच लागत नाही. अंगावर शाल, हातात सतरंजीची वळकटी आणि पिशवीत थर्मास दिसला, की रिक्षा आपोआप मुकुंदनगरकडे वळते. कित्येक वर्षं रमणबागेत भरणारा सवाई गंधर्वांच्या नावाचा महोत्सव २०१८ साली इकडे, महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर आला. मंडपात सगळ्यांच्या नजरा गायकावर असतात. माझी मात्र त्याच्या मागच्या दोन तंबोऱ्यांवर जाते. बँकेच्या नोकरीत काही वर्षं मिरजेला काढली, कर्जाच्या तपासणीसाठी सतारमेकरांच्या गल्लीत जावं लागे, तेव्हापासूनची ही खोड. आणि त्या तंबोऱ्यांकडे पाहिलं की सवाई गंधर्वांपेक्षाही त्यांचे गुरू आठवतात. उस्ताद अब्दुल करीम खाँ. गळा तर देवानं दिलाच होता. पण हातात करवत, कानस घेऊन वाद्याची दुरुस्ती करणारा असा गवय्या विरळाच.

उत्तरेतल्या कैराना गावी ११ नोव्हेंबर १८७२ रोजी त्यांचा जन्म झाला. त्या गावाच्या नावावरूनच किराणा घराणं. आपल्याकडच्या किराणा दुकानाशी त्याचा काही संबंध नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण एका सुशिक्षित गृहस्थांनी मला तसं विचारलं होतं. घरात सारंगी आणि बीन यांचा राबता. वाद्याच्या अंगानं सूर ओळखणारी ही मंडळी. करीम खाँसाहेबांच्या गाण्यात सूर एखाद्या तारेसारखा ताणलेला, बारीक आणि लांबवर जाणारा वाटतो, त्याचं मूळ तिथे असावं असं मला वाटतं.

तरुणपणी ते बडोद्याच्या दरबारात आले आणि तिथे एक प्रकरण घडलं. राजघराण्याच्या नात्यातले सरदार मारुतीराव माने यांची मुलगी ताराबाई आणि हा मुसलमान गवय्या यांचं प्रेम जमलं. दोघांनी बडोदं सोडलं. त्या काळात याची किंमत काय असेल, याचा अंदाज आजच्या वाचकानंच करावा. मुंबई, मग मिरज. मिरजेत प्लेगच्या दुखण्यातून मीरासाहेबांच्या दर्ग्यात प्रार्थना केल्यावर ते उठले, अशी आख्यायिका तिथले लोक अजून सांगतात. आख्यायिका खरी असो वा नसो, मिरज त्यांची झाली ती कायमची.

आणि मिरजेसारखं गाव त्यांना दुसरं मिळालंही नसतं. तिथले शिकलगार मूळचे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजी अमलात हत्यारांना गिऱ्हाईक उरलं नाही, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांनी वाद्यांच्या दुरुस्तीला हात घातला आणि दुरुस्ती करता करता वाद्यं घडवायला शिकले. धारेचा हात तारेकडे वळला. संस्थानिक पटवर्धनांचा आश्रय होता. भोपळे जवळच, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला पिकत.

हा भोपळा भाजीचा नव्हे, कडू आणि जाड सालीचा. वाळवून ठेवायचा, मग पाण्यात भिजवून मऊ करायचा, तोंड कापायचं, आतला गर-बिया काढायच्या आणि आत काठ्या ताणून बसवून हवा तो घेर द्यायचा. त्यावर तुणीच्या लाकडाचा गळा, दांडी आणि पुढची तबली. पण सतारमेकराचं खरं कसब मी पाहिलं ते जुन्या वाद्यावर. कुणाच्या तरी आजोबांचा तंबोरा येतो, दांडी वाकलेली, तबली चिरलेली. कारागीर भोपळ्यावर बोटाच्या पेरानं टकटक करतो आणि कान लावतो. भोपळा धड असेल तर बाकी सगळं बदललं तरी चालतं. जुना, नीट मुरलेला भोपळा नव्यापेक्षा चांगला बोलतो, असं ते मानतात. मग जुना सरस सोडवायचा, चीर आतून कापड चिकटवून बुजवायची, नवी तबली बसवायची.

शेवटी जवारी. घोडीचा माथा इतका हलका उतरता घासायचा की तार त्याला जेमतेम स्पर्श करत थरथरावी, आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून ती जागा नेमकी पकडायची. त्या अर्ध्या स्पर्शातून तो गुंजणारा, अनेक स्वरांनी भरलेला नाद उठतो. बँडमधल्या साइड ड्रमच्या खालच्या चामड्यावर तारांची पट्टी असते, तिचंही तंत्र हेच. पट्टी घट्ट झाली तर ड्रम मुका, सैल झाली तर नुसता खडखडाट. जुन्या ड्रमच्या रिकाम्या खोक्यावर नवं चामडं चढवणाऱ्यालाही अखेर ही एक जागाच शोधावी लागते.

ही जागा खाँसाहेब स्वतः शोधत. तंबोरा, बीन दुरुस्त करण्याचा त्यांना नाद होता. जवारी दुसऱ्याच्या भरवशावर सोडणं त्यांना मानवत नसे, आणि मिरजेच्या कारागिरांना त्यांच्या कानाचा फार उपयोग झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर बावीस श्रुतींचं गणित मांडत होते, तेव्हा त्यांच्या प्रयोगांना गळा मिळाला तो खाँसाहेबांचा. सनदी नोकरीतले इंग्रज गृहस्थ क्लेमंट्स यांनीही त्यात रस घेतला. मतभेद पुष्कळ झाले. पण एक परंपरागत उस्ताद आपला सूर मोजून घ्यायला तयार होतो, ही गोष्ट मला मोठी वाटते.

१९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. नावातला 'आर्य' आणि काढणारे खाँसाहेब, यात त्यांना काही विसंगत वाटलं नाही. विद्यार्थी घरच्यासारखे राहत, गाणं शिकत आणि घरकामही करत. टिपू नावाच्या कुत्र्यालाही त्यांनी सुरात सूर मिळवायला शिकवलं होतं. पुण्यातल्या गंभीर मंडळींना ते कितपत रुचलं असेल कोण जाणे!

मात्र घरातली तार तुटली. १९२२ साली ताराबाई पाच मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर, सकीनाच्या सरस्वती राणे. बँकेत नावातलं एक अक्षर बदलायला आम्ही तीन कागद मागत असू. इथे एका आईनं सगळ्या घराचं नाव बदललं. दोष कुणाचा, हे ठरवायला मी बसलेलो नाही. एवढं दिसतं, की ज्या माणसाला पराकोटीचा बारीक बेसूर सहन होत नसे, त्याला पुढची पंधरा वर्षं हे ऐकत काढावी लागली. आणि मुलं आईच्या मुलुखाचं नाव लावून बापाच्या घराण्याचंच गाणं गात राहिली. हिराबाईंच्या स्वच्छ, शांत स्वराकडे लक्ष दिलं तर तो कुठून आला हे सांगावं लागत नाही.

खाँसाहेब मैसूर दरबारी जात, तिकडच्या कर्नाटक संगीताचा सरगम त्यांनी आपल्या गाण्यात आणला. अखेरच्या वर्षांतल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात. झिंझोटीतली ठुमरी तीन-सव्वातीन मिनिटांची आहे. तिच्यात तंबोऱ्याचा नाद आणि गळा वेगळे काढता येत नाहीत.

ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासकडचे कार्यक्रम आटोपून ते पाँडिचेरीला निघाले होते. गाडीतच त्यांची प्रकृती बिघडली. चेंगलपट्टूजवळच्या सिंगपेरुमाळ कोइल या लहानशा स्टेशनवर त्यांना उतरवलं. फलाटावर त्यांनी नमाज पढून सूर लावला आणि तिथेच २७ तारखेला देह ठेवला, असं त्यांचे शिष्य सांगत. देह मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला.

उरुसाच्या वेळी तिथे दरवर्षी गाणं होतं. गवई येतात, हजेरी लावतात आणि जाताना सतारमेकरांच्या गल्लीत तंबोरे दाखवून जातात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या डब्या आता सगळीकडे झाल्या आहेत. तरी जुना भोपळा घेऊन कुणी दारात आलं, की आधी पेरानं टकटक होते आणि मग गल्लीतला म्हातारा कारागीर शेजाऱ्याला रेडिओ बंद करायला सांगतो.