इरावती कर्वे : 'पोटजाती'चा वाद



धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. तेरणेच्या काठी संत गोरोबाकाकांचे समाधिमंदिर आहे. संतमंडळींच्या डोक्यांवर थापटणे मारून कच्चे-पक्के मडके पारखल्याची त्यांची कथा सर्वांच्या परिचयाची आहे. त्यांच्या नावाला जोडलेला 'कुंभार' हा शब्द आपण एका जातीचे नाव म्हणून सहज वाचतो. मात्र हे नाव खरोखर एका जातीचे आहे, की अनेक जातींना मिळून दिलेले आहे? हा प्रश्न ज्यांनी नेटाने लावून धरला, त्या इरावती कर्वे यांचे चरित्र आपणास या पाठात पाहावयाचे आहे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशातील म्यिंज्यान येथे झाला. तेथील इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. शिक्षणासाठी त्या बालपणीच पुण्यास हुजूरपागेत आल्या आणि रँग्लर परांजपे यांच्या घरी वाढल्या. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली तत्त्वज्ञान विषयात पदवी मिळवल्यानंतर मुंबई विद्यापीठात त्यांनी गो. स. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली चित्पावनांवर प्रबंध लिहिला. महर्षी कर्वे यांचे पुत्र दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता.

पुढे बर्लिनमध्ये त्यांनी ऑयगेन फिशर यांच्याकडे संशोधन केले. कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंतील विषमता ही वंशश्रेष्ठत्वाची खूण मानण्याकडे त्या वर्तुळाचा कल होता. इरावतीबाईंच्या मोजमापांतून तसा वंशभेद सिद्ध झाला नाही आणि तो निष्कर्ष त्यांनी तसाच नोंदवला. गुरूच्या गृहीतकास प्रतिकूल ठरणारी मापे मांडण्यास धैर्य लागते. त्यांना १९३० साली डॉक्टरेट मिळाली. १९३९ पासून अखेरपर्यंत पुण्याचे डेक्कन कॉलेज हीच त्यांची कर्मभूमी राहिली.

आता मूळ वादाकडे वळू. घुर्ये यांच्या मते मूळची एक जात व्यवसाय, प्रदेश, चालीरीती अशा कारणांनी फुटत गेली व तिच्यातून पोटजाती निर्माण झाल्या. इरावतीबाईंनी ही दिशाच उलटी केली. महाराष्ट्रातील कुंभारांकडे पाहताना त्यांना असे दिसले की, मोठ्या चाकावर काम करणारे आणि लहान चाकावर काम करणारे हे निरनिराळे गट आहेत, त्यांचे तंत्र वेगळे आहे व त्यांच्यात बेटीव्यवहार नाही. हे गट एका जातीतून फुटल्याचा पुरावा मिळत नाही. स्वतंत्रपणे नांदणाऱ्या गटांना समान व्यवसायामुळे एकच नाव मिळाले असावे, अशी त्यांची मांडणी होती. म्हणून ज्याला आपण पोटजात म्हणतो तीच त्यांच्या लेखी खरी जात, आणि 'कुंभार' हा जातिसमूह होय. १९६१ च्या हिंदू समाजावरील इंग्रजी ग्रंथात हा विचार विस्ताराने आला आहे.

येथे भाषेचा अभ्यासक म्हणून एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. 'पोटजात' हा शब्दच घुर्ये यांच्या बाजूचा आहे! लहान गट मोठ्या गटाच्या पोटात होता, हे तो शब्द उच्चारताक्षणी आपण मान्य करून बसतो.

मूळ एकी होती की नव्हती, यावर पुढचे बरेच अवलंबून आहे. एकी होती असे मानल्यास पोटजातींचे विलीनीकरण म्हणजे घरवापसी ठरते. ती नव्हतीच, तर ते नव्या, मोठ्या जातीचे निर्माण ठरते. गंमत अशी की, अशा विलीनीकरणाने जातिनिष्ठा केवळ मोठ्या गटाकडे सरकेल, हा इशारा स्वतः घुर्ये यांनीच दिला होता.

इरावतीबाईंच्या मांडणीचा दुबळेपणाही तुम्ही ध्यानात घ्यावा. गट वेगळे होते हे त्या सांगतात. परंतु ते वेगळे का राहिले, वरच्यांचा त्यात कोणता स्वार्थ होता, यावर त्यांचा भर कमी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातील निबंधात नेमका तोच प्रश्न हाती घेतला होता. सजातीय विवाहाचे बंधन, त्यासाठी स्त्रियांवर लादलेले निर्बंध आणि वरच्या गटाचे खालच्यांनी केलेले अनुकरण यांत त्यांनी जातीचे मूळ शोधले. माझ्या मते या मुद्द्यावर आंबेडकरांचे विवेचन अधिक खोल जाते.

तरीही ग्रंथांपेक्षा माणसांत जाऊन पाहण्याची इरावतीबाईंची रीत दुर्मीळ होती. पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालताना, एकाच विठ्ठलाचे नाव घेणारे ब्राह्मण व मराठे जेवायला मात्र वेगळे बसतात, हे त्यांनी अस्वस्थ होऊन टिपले. 'युगान्त' या ग्रंथाला १९६८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी कैलाश मल्होत्रा यांच्यासह त्यांनी महाराष्ट्रातील आठ ब्राह्मण गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली. वाद अजून त्यांच्या मनातून गेला नव्हता. कोयना धरणाने विस्थापित झालेल्यांची पाहणी १९६९ मध्ये प्रकाशित झाली. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्यांचे निधन झाले.

पुढील घटकाकडे जाण्यापूर्वी आपल्या गावातील एखाद्या व्यवसायाचे नाव घ्या. ते नाव धारण करणाऱ्या कुटुंबांत सोयरीक कोणाकोणात होते आणि कोणात होत नाही, याची टिपणे वहीत करा.