अंगावरची सूज आणि किडनी: डॉ. रिचर्ड ब्राइट यांची ओळख

पायांवर किंवा डोळ्यांभोवती सूज दिसली की आपण दगदगीला नाहीतर जागरणाला दोष देतो. अशी सूज किडनीच्या आजारामुळेही येऊ शकते, हे दाखवून दिलं डॉ. रिचर्ड ब्राइट यांनी.

ब्राइट यांचा जन्म १७८९ मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे झाला. एडिनबरा येथे शिक्षण घेतल्यावर १८२० पासून ते लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये काम करू लागले. तिथे अंग सुजलेले अनेक रुग्ण येत. ब्राइट त्यांची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. अंड्याचा पांढरा भाग उष्णतेने गोठतो, तशी काहींची लघवी गढूळ होऊन गोठे. कारण तिच्यात अल्ब्युमिन हे प्रथिन असे. निरोगी किडनी ते सहसा बाहेर जाऊ देत नाही. असे रुग्ण दगावल्यावर शवविच्छेदनात त्यांच्या किडन्या खराब झालेल्या आढळत.

सूज, लघवीतलं प्रथिन आणि किडनी यांची ही सांगड ब्राइट यांनी १८२७ मध्ये ग्रंथातून मांडली. १८४२ मध्ये गाय्जमध्ये ४२ खाटांचे दोन वॉर्ड खास अशा रुग्णांसाठी ठेवले गेले. या आजाराला पुढे ब्राइट यांचंच नाव मिळालं. १८५८ मध्ये त्यांचं निधन झालं. आजार ओळखता येत होता, पण त्यांच्या हाती ना डायलिसिस होतं, ना रक्तदाब मोजायचं यंत्र.

आज तुमच्याकडे उपाय आहेत. मात्र किडनीचा आजार सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून या खुणांकडे लक्ष द्या:

• पाय, चेहरा किंवा डोळ्यांभोवती सूज
• लघवीला सतत फेस येणं
• रात्री वारंवार लघवीला उठावं लागणं
• भूक मंदावणं, मळमळ, सततचा थकवा, अंगाला खाज

सूज हृदय किंवा यकृताच्या आजारातही येते, त्यामुळे घरीच निदान करू नका. लघवीतून रक्त जात असेल, लघवी खूप कमी झाली असेल किंवा दम लागत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल, तर काहीही त्रास नसतानाही वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या. घरात कुणाला किडनीचा आजार असेल, तर या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. आजार लवकर कळला, तर किडनीचं पुढचं नुकसान अनेकदा रोखता किंवा लांबवता येतं.